सरांची वामकुक्षी

एकदा एका घाटमाथ्यावरच्या रुग्णालयात एक वृद्ध तज्ज्ञ राहत; सगळे त्यांना सर म्हणत. धुक्यातली वाट निरखावी तसे ते मेंदूचे करडे स्कॅन निरखत. त्यांच्या सहीशिवाय एकही रिपोर्ट पुढे जात नसे आणि दुपारच्या जेवणानंतर त्यांना कुणी उठवत नसे. लोक याला आदर म्हणत. खरं तर ती भीती होती.

मग तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आलं. स्कॅन निघताच ते धोका ओळखी, घंटी वाजवी आणि लाल खूण करून तो स्कॅन सर्वांच्या वर ठेवी.

एका दुपारी परांचीवरून पडलेला रंगारी आला. यंत्राने क्षणात मेंदूतला रक्तस्राव दाखवला. तंत्रज्ञ सरांच्या दाराशी धावला. शिपाई कुजबुजला, "साहेबांचा डोळा लागलाय." तंत्रज्ञ पाय न वाजवता परतला. काळोख्या खोलीत ती लाल खूण एकटीच चांदणीसारखी तेवत राहिली. सर उठले, चहा झाला, मग सही झाली. रंगारी वाचला. उजवा हात मात्र कायमचा लुळा पडला.

सरांच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुण शिष्येने तोंडावर विचारलं, "सर, मशीन लगेच बोललं होतं. मग तो माणूस कुणासाठी ताटकळला?"

दुसऱ्या दुपारी सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं, पलंगावर आडवे झाले, डोळे मिटले. "एकेकाने या. मला उठवा."

सगळे चक्रावले. शिपायाने चादरीला बोट लावलं.

"अशाने माशी तरी उठेल का रे?"

"सर, हे काय नाटक?" शिष्या म्हणाली.

"यंत्राने वाचवलेला वेळ माझ्या दाराशी येऊन मेला," सर डोळे मिटूनच म्हणाले. "त्या दाराला कडीसुद्धा नव्हती. इतकी वर्षं तुम्हाला स्कॅन वाचायला शिकवलं, मला हलवायला नाही शिकवलं."

"फार उशिरा सुचलं."

"हो. फार उशिरा."

रोज दुपारी हा सराव चालू लागला. एके दिवशी शिष्येने चाकाच्या खुर्चीतून रंगाऱ्याला आणलं. "आज यांचा नंबर."

नखांत अजून निळा रंग असलेला तो हात तिने सरांच्या खांद्यावर ठेवला. रंगाऱ्याने जोर लावला, कपाळावर घाम आला. हात हलला नाही. सरही हलले नाहीत. धुकं खिडकीतून आत येत राहिलं.

तेवढ्यात यंत्राची घंटी वाजली.

शिपायाने दोन्ही हातांनी सरांना गदागदा हलवलं. "उठा साहेब! उठा म्हणतो ना!"

सर अनवाणीच धावले.