ठिपकीचं दार कुणी लिंपलं?

कौसामावशीच्या परसात भाज्यांची बाग. बागेला मातीची भिंत. भिंतीत एक भेग. आणि भेगेत कोण राहतं?

माश्या! मधाच्या माश्या. काळ्या तिळाएवढ्या. त्या डसत नाहीत, त्यांना नांगीच नाही. पण त्यांचं काम बघ, बघतच राहशील! भेगेच्या तोंडाशी मेणाची बारीक नळी. तेच त्यांचं दार. आत मेणाच्या कुप्या. कुप्यांत मध. मधाशेजारी बाळं. हे सगळं बांधलं कशाने? तोंडाने आणि पायांनी. आहे की नाही कमाल?

सगळ्यांत धाकटी ठिपकी. एक दिवस ती सगळ्यांच्या आधी उठली.

"आज मी पहिली!" म्हणाली, आणि गुं गुं गुं बाहेर गेली.

तेवढ्यात आली कौसामावशी. आज तिचा भाऊ जेवायला यायचा होता. मग भिंत नको का छान दिसायला? शेण घेतलं, माती घेतली, पाणी घेतलं. थपाक थपाक! दिसली भेग. थपाक! बुजली भेग. हात धुऊन मावशी गेली स्वयंपाकघरात.

गुं गुं गुं ठिपकी परत आली. मागच्या पायांवर दोन पिवळ्या गोळ्या. बाळांचा खाऊ!

पण दार कुठाय?

इकडे बघितलं, नाही. तिकडे बघितलं, नाही. सगळी भिंत गुळगुळीत. आतून आवाज आला, अगदी बारीक, गुं... गुं...

ठिपकी रडवेली झाली.

"भिंतबाई, भिंतबाई,
बहिणी आत, मी बाहेर!
दार उघड ना गं!"

भिंत म्हणाली, "मला का हात आहेत? कोंबडीने उकरलं, तर उघडेन."

गुं गुं गुं ठिपकी गेली कोंबडीकडे.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई,
बहिणी आत, मी बाहेर!
भिंत दार उघडेना.
भिंत उकर ना गं!"

कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक! उपाशीपोटी? मावशीने दाणे टाकले, तर उकरेन."

गुं गुं गुं ठिपकी गेली मावशीकडे. मावशी डबे उघडत होती, टोपल्या पालथ्या घालत होती.

"मावशी, मावशी,
बहिणी आत, मी बाहेर!
भिंत दार उघडेना.
कोंबडी भिंत उकरेना.
दाणे टाक ना गं!"

मावशीने वर बघितलंसुद्धा नाही. "दाणे कसले टाकू माझ्या डोंबलाचे! भाऊ येईल आता. त्याला घारगे करायचेत आणि घरात भोपळा नाही! वेलीने भोपळा सोडला, तर दाणे टाकेन."

गुं गुं गुं ठिपकी गेली वेलीकडे. वेल मांडवावर पसरली होती. मांडवावर एक लालबुंद भोपळा, गलेलठ्ठ!

"वेलताई, वेलताई,
बहिणी आत, मी बाहेर!
भिंत दार उघडेना.
कोंबडी भिंत उकरेना.
मावशी दाणे टाकेना.
भोपळा सोड ना गं!"

वेल म्हणाली, "पिकलाय गं, पण देठ सुटत नाही. वाऱ्याने मला हलवलं, तर सोडेन."

गुं गुं गुं ठिपकी गेली वाऱ्याकडे. वारा आंब्याखाली लोळत पडला होता.

"वारोबा, वारोबा,
बहिणी आत, मी बाहेर!
भिंत दार उघडेना.
कोंबडी भिंत उकरेना.
मावशी दाणे टाकेना.
वेल भोपळा सोडेना.
वेल हलव ना रे!"

वारोबा म्हणाले, "सूं... मला नाही करमत आज. भोपळ्याचं फूल रुसून बसलंय. ते हसलं, तर हलवेन."

गुं गुं गुं ठिपकी गेली फुलाकडे. आता तिचे पंख दुखायला लागले होते. पण बहिणी आत होत्या ना! मग थांबून कसं चालेल?

"फुला, फुला,
बहिणी आत, मी बाहेर!
भिंत दार उघडेना.
कोंबडी भिंत उकरेना.
मावशी दाणे टाकेना.
वेल भोपळा सोडेना.
वारा वेल हलवेना.
एकदा हस ना रे!"

फूल म्हणालं, "कसं हसू? माझ्याखाली बघ."

ठिपकीने बघितलं. फुलाखाली एक भोपळा. इवलासा, हिरवा, लिंबाएवढा.

"माझं बाळ आहे ते," फूल म्हणालं. "त्याला पिवळी पूड हवी. ती त्या समोरच्या फुलात आहे. वाऱ्याला ती उचलत नाही, फार चिकट! रोज तिळाएवढ्या माश्या येतात आणि आणून देतात. आज एकही आली नाही. दुपारी मी मिटणार. मग बाळ गळून पडणार."

ठिपकी ओरडली, "अरे, त्या माझ्याच बहिणी! त्या आत कोंडल्यात!"

"आणि तू गं?" फुलाने विचारलं. "तू कोण?"

ठिपकी म्हणाली, "मी? मीसुद्धा माशीच की!"

भुर्र! गेली समोरच्या फुलात. लोळली इकडे, लोळली तिकडे. डोकं पिवळं, पोट पिवळं, पंखसुद्धा पिवळे! भुर्र! आली परत. सगळी पूड फुलाला दिली. एकदा नाही, दोनदा नाही, चांगली दहादा गेली आणि दहादा आली. एवढीशी माशी, पण केवढी मोठी!

आणि मग?

फूल हसलं, खुदकन!
वाऱ्याने वेल हलवली, सूं सूं सूं!
वेलीने भोपळा सोडला, धप्प!
मावशीने दाणे टाकले, टप टप टप!
कोंबडीने दाणे टिपले आणि भिंत उकरली, खर्र खर्र खर्र!
भिंतीने दार उघडलं!

गुं गुं गुं गुं गुं! सगळ्या बहिणी बाहेर आल्या. कुणी ठिपकीच्या डोक्यावरची पूड पुसली, कुणी पंख पुसले.

"ठिपके, कुठे होतीस गं? आम्ही किती घाबरलो!"

"मीसुद्धा!" ठिपकी म्हणाली आणि एकदाची रडली.

इतक्यात मावशी धावत आली. "हात मेले! माझी भिंत कुणी उकरली?" तिने चिखलाचा गोळा उचलला. हात वर केला. आता थपाक होणार...

तेवढ्यात तिच्या अंगठ्यावर ठिपकी बसली. पोट अजून पिवळंधमक!

मावशी थांबली. तिने ठिपकीकडे बघितलं. भेगेकडे बघितलं. भेगेतून माश्या निघत होत्या आणि सरळ भोपळ्याच्या फुलांकडे जात होत्या. मावशी बघतच राहिली.

"अगं बाई! ही तर माझ्या भोपळ्याच्या फुलाची पूड! म्हणजे माझे भोपळे तुम्ही धरवता होय? आणि मी तुमचंच दार लिंपलं!"

मावशीला फार वाईट वाटलं. तिने गोळा खाली ठेवला. त्यातली चिमूटभर माती घेतली. भेगेभोवती बोट फिरवलं, हळूच, अगदी हळूच. भेग उघडीच ठेवली आणि तिच्या खाली केला एक उंबरठा. केवढा? तुझ्या करंगळीच्या नखाएवढा.

"या बायांनो," मावशी म्हणाली. "घर तुमचंच आहे."

ठिपकी उंबरठ्यावर उतरली. पाय झटकले. आणि खाऊच्या दोन पिवळ्या गोळ्या घेऊन ऐटीत आत गेली.

घारगे भावाच्या ताटात, ठिपकी भिंतीच्या पोटात आणि गोष्ट तुझ्या कानात!