महाराजांच्या नावाचा पुकारा

त्र्यंबकपंत पळसुल्यांना नोकरी सोडायची होती आणि केतकगडचे महाराज उदाजीराव त्यांना सोडत नव्हते. पंत संस्थानात आले ते साधे वकील म्हणून. मग सरकारी वकील झाले, मग कारभारी. एकेचाळीस वर्षं झाली, संस्थानाचा एकूणएक कायदा त्यांच्या हातचा. कोकणात त्यांची ऐंशी वर्षांची थोरली बहीण दरवर्षी आंब्याच्या दिवसांत वाट बघायची आणि पंत दरवर्षी कळवायचे, पुढच्या वर्षी नक्की. यंदा तिनंच कळवलं, पुढचं वर्ष माझ्या हातात नाही. पंतांनी नोकरी सोडण्याचा अर्ज केला.

महाराज गालातल्या गालात हसले. "एवढे मोठे वकील तुम्ही! आमच्यावर दावा लावा, जिंका आणि जा. मात्र निवाडा आम्हीच करणार."

पंतांनी दावा लावला, जाडजूड ग्रंथ उपसले, घसा कोरडा केला. महाराज सगळं शांतपणे ऐकायचे आणि पुढची तारीख द्यायचे. कचेरीतल्या लोकांना मनातून जरा गंमतच वाटत होती, कारण तारखा मागून मागून पंतांनीही भल्याभल्यांना रडवलं होतं.

वाईट वाटलं ते एकट्या सगुणेला. ती कचेरीच्या दारात पुकारा करायची. आधी हे काम तिच्या नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणूस कुठं पुकारा करतं? तेव्हा पंत म्हणाले होते, "कायद्यात आवाज लिहिलाय, मिशा नाहीत." आणि सगुणेचा आवाज असा, की ओढ्यापलीकडची गुरं मान वर करायची.

चौथ्या तारखेला महाराज न्यायासनावर बसले आणि सगुणा दारात जाऊन ओरडली, "उदाजीराव महाराज, हाजिर हो!"

महाराज म्हणाले, "सगुणे, खुळी झालीस काय? मी इथंच आहे की."

"तितं न्यायाधीश बसल्यात, म्हाराज. मी प्रतिवादीला हाक मारतीया. त्यानं खाली कठड्यात यायचं असतं."

तिनं दुसरा पुकारा केला. महाराज अर्धवट उठले.

"उतरा की," सगुणा अदबीनं म्हणाली. "पर न्यायाधीशाची खुर्ची रिकामी झाली, की तितं कारभारी बसतो. मग पंतच निवाडा करतील."

"स्वतःच्याच दाव्याचा?"

"त्यो पायंडा म्हाराजांनीच पाडलाय."

महाराज घाईनं परत बसले. "आणि नाही उतरलो तर?"

"तीन पुकाऱ्यांत जो येत न्हाई, त्यो हरला. निकाल एकतर्फी. इतकी वर्सं हितं असंच चाललंय."

"असला नियम केला कुणी?" महाराज गरजले.

पंतांनी चष्मा काढून पुसला. "मीच, महाराज. नोकरीच्या पहिल्याच वर्षी. विसरून गेलो होतो."

महाराज असे हसले, की पगडी नाकावर आली. त्यांनी तिथल्या तिथं पंतांच्या अर्जावर सही केली, कोकणात पोचवायला स्वतःची पालखी दिली आणि खांद्यावरची शाल सगुणेच्या हातात ठेवली.

"आता तिसरा पुकारा शिल्लक आहे," ते म्हणाले. "तो वाया नको. पालखीच्या भोयांना हाक मार. पंतांनी विचार बदलायच्या आत!"

सगुणेनं हाक मारली. दोन गल्ल्या पलीकडे जेवायला बसलेले भोई तशाच खरकट्या हातांनी धावत आले.