टपावरची होडी

वडिलांच्या हातची शेवटची शिडाची होडी मोटारीच्या टपावर बांधून वृंदा मयेकर खाडीच्या धक्क्यावर आली. तोच फेरीबोटीतून जीपसकट उतरलेला फौजदार आडवा आला.

"रस्त्यावर होडी? परवाना दाखव, नाहीतर जप्त!"

ठाण्याच्या आवारात जप्त होड्या उन्हात तडकताना वृंदाने पाहिल्या होत्या. ती कशीबशी म्हणाली, "साहेब, चालतेय ती मोटार, होडी नुसती बसलीय. तुमची जीपही आत्ता बोटीत बसूनच खाडी उतरली ना? तिचा पाण्यात चालायचा परवाना दाखवा, मीही तसाच काढून आणते."

बोटीवरचे खलाशी खो खो हसले. फौजदाराने जीप बाजूला घेतली.

वृंदाने गाडीत बसून किल्ली फिरवली आणि होडीसकट मोटार फेरीबोटीवर चढवली.