साथ वगळून

तबलजी नरहरअण्णा आणि कुमुदिनीबाई लेकीच्या बाळंतपणाला कॅनडाला निघाले होते. बाईंना दमा, म्हणून दोघं आधी प्रवासाचा विमा काढायला गेले. कचेरीत भली मोठी पाटी होती : 'प्रवासभर तुमच्या साथीला!'

"आणि तिकडे रोगाची साथ आली तर?" अण्णांनी विचारलं.

"साथ वगळली आहे," साहेब तोऱ्यात म्हणाले. "नियम वाचत चला, आजोबा."

"साहेब, चाळीस वर्षं मी गवयांना साथ केली," अण्णा म्हणाले. "पण साथ आली की साथ सोडणारा साथीदार आजच पाहिला!"

कुमुदिनीबाईंना हसू आवरेना. साहेब ओशाळले आणि त्यांनी खणातून महासाथीचाही खर्च देणाऱ्या दुसऱ्या विम्याचा अर्ज काढला.

अण्णांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, पहिलं नाव बायकोचं लिहिलं आणि टेबलावर थाप मारली.

"आता आलात समेवर!"