बाकावरचे साहेब

कराडच्या समुपदेशक रेवती पिसाळ खचलेल्या माणसांना बोलतं करण्यात तरबेज. पण त्या परदेशी राहायला गेल्या आणि तिथल्या परवाना मंडळाने त्यांची पदवी बाजूला सारली.

"आधी इथल्या माणसांसोबत काम केल्याचा अनुभव आणा," अध्यक्ष म्हणाले. "मात्र परवान्याशिवाय इथल्या एकाही जिवंत माणसाला सल्ला दिलात, तर थेट तुरुंग."

आता बोला!

"अनुभव आहे," रेवतीबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त जिवंत माणसाचा नाही. बाहेरच्या बाकावर मी ताटकळत बसते, तेव्हा हे साहेब शेजारी येऊन बसतात आणि मन मोकळं करतात." त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. ती आधीच्या अध्यक्षांची होती. आताचे अध्यक्ष बसले होते, त्याच खुर्चीत त्यांनी प्राण सोडला होता.

अध्यक्ष हसायला गेले, तोच खोलीत गारठा दाटला. खुर्ची कुरकुरली. ते तर जरासुद्धा हलले नव्हते.

"माझ्याबद्दल... काय म्हणतात ते?"

"ते सांगता येणार नाही. ऐकलेलं बाहेर काढायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम."

"तुमच्याकडे परवाना कुठाय? नियम तुम्हाला लागूच नाही. सांगा!"

"साहेब, परवाना नसतानाही मी नियम मोडत नाही, हे आत्ता तुम्हीच पाहिलंत. आणखी कसली परीक्षा घेणार?"

अध्यक्षांनी परवान्यावर शिक्का मारला. रेवतीबाई दाराशी पोचल्या, तेव्हा मागून घोगरा आवाज आला, "बाई, पुढच्या बुधवारी येऊ ना?"

आवाज अध्यक्षांचा नव्हता. त्यांची तर दातखीळ बसली होती.

"या की," रेवतीबाई मागे न बघता म्हणाल्या. "आता चोरून भेटायला नको."