भेगेनं गिळलेला दाणा

काळंभोर रान होतं. रानात बोटाएवढी उंदरी होती, नाव तिचं चिटी. पाऊस सरला, थंडी आली, जमिनीला भेगा पडल्या. चिटीनं उन्हाळ्यासाठी ज्वारीचा एकच दाणा जपला होता. तोच नेमका घरंगळला आणि भेगेत पडला. आता आली का पंचाईत?

"भेगे भेगे, दाणा दे."

खालून घोगरा आवाज आला. "नाऽऽही. बैल कोळपं ओढील, माती सारील, माझं तोंड मिटेल, तेव्हा देईन."

चिटी निघाली. लुटुलुटू, लुटुलुटू.

"बैला बैला, कोळपं ओढ. भेग मिटेना, दाणा मिळेना."

धुक्यात बैलाचे नुसते डोळे दिसत होते. "नाऽऽही. धुकं हटेल, तेव्हा ओढीन."

लुटुलुटू, लुटुलुटू. धुक्याला ना डोकं, ना पाय.

"धुक्या धुक्या, हट ना. बैल ओढेना, भेग मिटेना, दाणा मिळेना."

"नाऽऽही. वारा ढकलील, तेव्हा हटेन."

लुटुलुटू, लुटुलुटू. वारा चिंचेत लपला होता. पानसुद्धा हलत नव्हतं.

"वाऱ्या वाऱ्या, वाहा ना. धुकं हटेना, बैल ओढेना, भेग मिटेना, दाणा मिळेना."

"नाऽऽही. कुणी शीळ घालून बोलावील, तेव्हा वाहीन."

लुटुलुटू, लुटुलुटू. खळ्यावर शेवंताकाकी सूप घेऊन उभी. बाजरी उफणायची, पण वारा कुठंय?

"काकी काकी, शीळ घाल ना. वारा वाहेना, धुकं हटेना, बैल ओढेना, भेग मिटेना, दाणा मिळेना."

काकी हळूच म्हणाली, "धुक्यात शीळ घालू नये गं बाई. दुसरंच कुणी यायचं. मला एकटीला भ्या वाटतं."

भीती तर चिटीलाही वाटत होती. तरी ती काकीच्या पावलावर चढून बसली. "मी आहे ना सोबतीला."

काकीनं शीळ घातली. सुईऽऽ.

धुक्यातून कुणीतरी उलट शीळ घातली. सुईऽऽ.

चिटी काकीच्या लुगड्याच्या घोळात शिरली. मग काकीचा पदर हलला. वाराच होता तो.

वारा वाहिला, धुकं हटलं, बैलानं कोळपं ओढलं, भेग मिटली. घट्ट मिटली. आणि दाणा? दाणा आतच राहिला.

चिटी जमिनीला कान लावून रडली. "भेगे, तू मला फसवलंस. माझा दाणा गिळलास."

खालून आवाज आला, आता अगदी बारीक. "गिळला नाही गं. पेरला. थांब जरा."

चिटी थांबली. आधी हिरवं टोक आलं, मग धाट, मग हे एवढं कणीस. कणीस वाकलं आणि चिटीच्या पुढ्यात दाणेच दाणे सांडले. टपाटपा, टपाटपा.

चिटीचं बीळ भरलं, आमचं सांगणं सरलं.