चिंचोक्यांची रांग

"पण ती बोलणार कधी, बाई?"

शलाकानं हे तिसऱ्यांदा विचारलं. मालनबाई खोत घराच्या सोप्यात बसून जुन्या कापडांची वाकळ शिवत होत्या. त्यांनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली.

"कोण?"

"ईश्वरी. मघापासून तिच्याबद्दलच सांगतेय ना मी!"

आजऱ्याजवळच्या त्या गावात मालनबाईंनी छत्तीस वर्षं बालवाडी चालवली होती. आता तिथं शलाका नेर्लेकर आली होती. कोल्हापुरातून शिकून आलेली, प्रशिक्षणात पहिली. तिच्या वर्गाच्या भिंतीवर तसूभर जागा रिकामी नव्हती. फळं, पक्षी, वाहनं, सगळ्यांचे तक्ते. तिची मुलं रंग ओळखत, वीसपर्यंत आकडे म्हणत, पाहुणे आले की एका सुरात नमस्कार करत.

फक्त ईश्वरी गप्प होती. चार वर्षांची पोर जूनमध्ये आली, आता गणपती होऊन गेले, तरी वर्गात एक शब्द नाही.

"मी सगळं केलं, बाई. चित्रं दाखवली, गाणी म्हटली, बाहुली बोलती केली. दिवसातून वीस वेळा तिला विचारते, हा रंग कोणता, हा पक्षी कोणता... सोमवारी पर्यवेक्षिका येणार. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक मुलाबद्दल लिहावं लागेल. मतिमंद असल्याची शंका, असंच लिहिणार आहे मी."

मालनबाईंची सुई थांबली.

"सोमवारपर्यंत एक करशील?"

"सांगा ना."

"ज्याचं उत्तर तुला ठाऊक आहे, ते पोरांना विचारायचं नाही."

शलाका हसली. "एवढंच?"

मालनबाई पुन्हा टाके घालू लागल्या...

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. शलाकानं आंब्याचं चित्र उचललं, तोंड उघडलं, आणि मिटलं.

आंबा तिला ठाऊक होता.

तिनं लाल ठोकळा हातात घेतला. तोही खाली ठेवला. फळ्यावर तीन चेंडू काढले, किती आहेत हे विचारणार, तोच पुसून टाकले. साडेदहापर्यंत तिच्या लक्षात आलं, की विचारण्याजोगं तिच्याकडं काहीच नाही. जूनपासून तिनं या मुलांना एकही खरा प्रश्न विचारला नव्हता.

मुलं थोडा वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग आपापल्या खेळाला लागली. कुणी ठोकळे रचले, दोघी भांडल्या आणि आपल्या आपण मिटवून मोकळ्या झाल्या. शलाकाला कानकोंडं झालं. आपल्याच वर्गात आपण पाहुणे!

कोपऱ्यात ईश्वरी चिंचोके मांडत होती. भिंतीपासून दारापर्यंत लांब रांग. शलाका तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली. किती चिंचोके आहेत, हे ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. बराच वेळ ती नुसतीच त्या रांगेकडं बघत राहिली आणि हळूहळू तिला खरंच नवल वाटू लागलं.

"हे सगळे कुठं निघालेत गं?"

ईश्वरीनं हातातला चिंचोका रांगेत ठेवला.

"तात्यांना आणायला."

शलाका ताडकन उठली. "शाब्बास! अगं, किती छान बोललीस! मुलांनो, ईश्वरी बोलली! टाळ्या!"

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

दुपारी वर्ग सुटला तशी ती धावतच मालनबाईंकडं गेली.

"बोलली! स्पष्ट बोलली, बाई. उच्चारात दोष नाही. वाक्यरचनाही बरोबर!"

"काय म्हणाली?"

शलाकानं सांगितलं.

"आणि मग?"

"मग मी शाब्बासकी दिली, टाळ्या झाल्या..."

"आणि मग?"

शलाका घुटमळली. "मग... चिंचोके गोळा करून डब्यात टाकले तिनं. परत बोलली नाही."

मालनबाईंनी दोरा दातानं तोडला.

"तात्या कुठं गेलेत तिचे?"

शलाकाला ते ठाऊक नव्हतं...

शनिवारी ईश्वरी चिंचोक्यांकडं फिरकलीसुद्धा नाही. ती खिडकीशी बसून राहिली. शलाकाही खिडकीशी जाऊन बसली. अर्धा तास गेला असेल. बाहेर एक म्हैस रस्ता अडवून उभी होती, ती दोघींनी पाहिली.

मग शलाकानं हळूच विचारलं, "तुझे तात्या कुठं गेलेत?"

शलाकानं पुन्हा विचारलं नाही.

"आई म्हणते, गावाला गेलेत." ईश्वरी खिडकीबाहेरच बघत होती. "पण त्यांच्या चपला घरातच आहेत."

या वेळी शलाकानं शाब्बास म्हटलं नाही. किती सुंदर बोललीस, हेही तिला म्हणवेना.

"अनवाणी गेले असतील का?" ईश्वरीनं विचारलं. आयुष्यात तिनं बाईंना विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मला माहीत नाही गं," शलाका म्हणाली.

ईश्वरीनं तिच्याकडं वळून पाहिलं. बाईंना माहीत नाही, असं या वर्गात कधी झालं नव्हतं. मग ती जरा सरकून बसली, शलाकाच्या कुशीला टेकली आणि वर्ग सुटेपर्यंत हलक्या आवाजात बोलत राहिली.

त्या दिवशी शलाका तिला स्वतः घरी सोडायला गेली. तात्या म्हणजे ईश्वरीचे आजोबा मे महिन्यात वारले होते, हे तिला दारात कळलं. शलाकानं चपलांचं सांगितलं तशी आई उंबऱ्यावरच टेकली. म्हणाली, "आज सांगते तिला."

तिथून शलाका मालनबाईंकडं आली. आज ती धावत आली नव्हती. सोप्याच्या पायरीवर बसली, पदरानं डोळे पुसले. पर्यवेक्षिकांचा तक्ता तिनं पिशवीतून काढला. ईश्वरीच्या नावापुढच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता. बोलते.

"बाई, आज ती तासभर बोलली. काय काय सांगितलं तिनं, ऐका ना. ती म्हणाली..."

मालनबाईंनी सुई वाकळीत खोचली आणि हात वर केला.

"थांब, पोरी. ते तिनं तुला सांगितलंय, मला नाही."